पाच लेकरांची शिशी

माझ्या संगीला गोवर निघाला तेव्हा तिला अकरावा महिना चालू होता. आता ती चौथ्या वर्षात आहे, बालवाडीत जाते, आणि तोंडाची इतकी फटकळ आहे की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कपाळावर हात मारून म्हणतात, "हे पोट्टी सारी तुह्यावर गेली व माय." जाऊ दे माझ्यावर. तिची बडबड ऐकायला मिळते, याचंच मला अजून नवल वाटतं.

हे लिहायचं कारण असं की आमच्या गावात बाया पुन्हा म्हणायला लागल्या होत्या, "आता कुठं राह्यला गोवर? कायले चांगल्या लेकराले टोचून रडवता?" भांडणात मी कोणाला हार जात नाही, साऱ्या गावाला माहीत आहे. पण भांडून समोरचीचं तोंड बंद होतं, मन काही वळत नाही. म्हणून म्हटलं, लिहून काढावं. मी चिखलीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले, मग मोताळ्याजवळच्या या खेड्यात लग्न होऊन आले आणि शिलाई मशीनवर बसले. मला ब्लाउज सरळ शिवता येतो, वाक्य सरळ येईलच असं नाही. सांभाळून घ्या.

यात माझ्या खोटेपणाची एक गोष्ट आहे. ती मी तीन वर्षं गिळून बसले होते. ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं हात अडणार नाही.

बुधवार

महिन्यातला दुसरा बुधवार हा आमच्या गावी नर्सबाईंचा टोचायचा दिवस. गोवराची लस तेव्हा आमच्याकडं नवीनच आली होती. नर्सबाई शाळेच्या ओट्यावर बसायच्या. सोबत थर्मास, थर्मासात बर्फ, बर्फात शिशी. पौष महिना होता, कापसाची वेचणी जोरात होती, आणि बाया सकाळीच वावरात निघून जायच्या. त्या दिवशी ओट्यावर दोनच लेकरं आली, माझी संगी आणि कोतवालाचा मुलगा.

"अजून तीन पाहिजेत," नर्सबाई म्हणाल्या. "ही पाच लेकरांची शिशी आहे. एकदा पाणी मिसळलं की थोड्या तासांत संपवावी लागते. उरली तर फेकायची. दोघांसाठी कशी फोडू?"

ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही वाट पाहिली. तेवढ्यात समोरून पार्वताबाई चालली, कमरेला कापूस वेचायचं फडकं बांधून. पार्वताबाईचं घर आमच्या घरासमोरच. तिला तेव्हा दोन नातवंडं होती, चार वर्षांचा दिन्या आणि दोन वर्षांची रत्नी.

"मावशी, नातवंडं आणा ना," नर्सबाईंनी हाक मारली. "शिशी फुटेल."

पार्वताबाईनं बाही वर सारून दंडावरची जुनी गोल खूण दाखवली. लहानपणी देवीची लस टोचलेली, तिची. "हे पाह्य. मले टोचलं हाय. एका टोच्यात साऱ्या माता गेल्या."

"मावशी, ती देवीची लस. ही गोवराची. वेगळी असते."

"त्या बहिणी बहिणीच व. एकीले सांगतलं की दुसरीले समजते."

ओट्यावर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले.

नर्सबाईंनी थर्मास बंद केला आणि मला नि कोतवालाच्या बायकोला सांगितलं, "शुक्रवारी पल्याडच्या गावात माझा दिवस आहे. तिथं लेकरं भरपूर येतात, शिशी नक्की फुटते. तिथं घेऊन या. दोन कोस तर आहे."

"हो, येते," मी म्हणाले. कोतवालाची बायको गेली. मी गेले नाही.

मशीनवर एका लग्नघरचे सात ब्लाउज पडले होते, बाह्यांना काठ लावायचे राहिले होते. संगी चिंध्यांत बसून खेळत होती, चांगली गुटगुटीत. मनात म्हटलं, महिन्यानं काय बिघडतं, पुढच्या बुधवारी घेऊ. ही ती गोष्ट. लिहून काढली तर केवढीशी दिसते.

पाठवणीचं जेवण

पुढचा बुधवार यायच्या आधीच पार्वताबाईच्या दिन्याला ताप आला आणि अंगावर पुरळ उठलं.

आमच्याकडं त्याला गोवर म्हणत नाहीत. माता आली म्हणतात. मग दाराला कडुनिंबाची डहाळी लागते. घरात फोडणी बंद, तळण बंद, केस विंचरणं बंद. औषध आणि सुई तर बिलकूल बंद, कारण मातेले राग येते. आणि एका घरी माता आली की साऱ्या गावात सुई लावायची नाही. म्हणून त्या बुधवारी नर्सबाई आल्या तशाच परत गेल्या. मीही उंबऱ्यातून पाहत राहिले. शिकलेली म्हणवते मी स्वतःला!

दिन्या नऊ दिवसांत बरा झाला. मग मातेची पाठवणी. पोराला निंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं, नैवेद्य करायचा आणि पाच लेकुरवाळ्या सवाष्णी जेवायला बोलवायच्या. त्यात मी होते. पार्वताबाईच्या हातची पुरणपोळी म्हणजे नाव काढावं अशी, आणि मी खाण्याची लालची. ठेवणीतलं लुगडं नेसून, संगीला काजळ घालून गेले.

रीत अशी की दहीभात एका पितळी ताटात कालवायचा आणि आलेल्या साऱ्या लेकरांना घरच्या मोठ्या बाईनं त्याच ताटातला घास भरवायचा, म्हणजे माता सगळ्यांवर राजी राहते. पार्वताबाईनं संगीला मांडीवर घेतलं, लाडानं भरवलं. शेजारी रत्नी बसली होती. तिचे डोळे लाल होते, नाक वाहत होतं, आणि ती सारखी खोकत होती. "सर्दी झाली पोट्टीले," पार्वताबाई म्हणाली. मला ते दिसलं होतं. मी पोळीवर तूप वाढून घेत होते.

आमच्या घरी

बाराव्या दिवशी संगी तापली. नाक वाहायला लागलं, डोळे चिकटले, उजेड सोसेना. चौथ्या दिवशी कानामागून पुरळ उठलं आणि बघता बघता साऱ्या अंगभर पसरलं. आत्याबाईंनी दाराला निंब बांधला, देवापुढं दिवा लावला.

खरं सांगते, मी सुरुवातीला घाबरले नाही. गोवर काय, मला झाला होता, यांना झाला होता, साऱ्या जगाला होतो. पुरळ मावळायला लागलं तसं आत्याबाई पाठवणीची तयारी बोलू लागल्या. कोणत्या पाच सवाष्णी, गूळ किती, सगळं. आणि त्याच दुपारी संगीला पुन्हा तापानं घेरलं. ती अंगावर पिईना. श्वास भराभर चालला, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला. आमच्याकडं त्याला पोट उडणं म्हणतात. पदराखाली घेतलं की ती तोंड लावायची, दम लागून सोडून द्यायची, आणि माझ्याकडं बघायची. ते बघणं मी विसरणार नाही.

"आत्याबाई, दवाखान्यात नेऊ," मी म्हणाले.

"पाठवणीच्या आंधी मातेले घराबाहीर काढत असतात का व? कोपली तं?"

"आता काय कमी कोपली आहे?"

"जीभ आवर, कमल!"

संगीचे बाबा दारात उभे. एकदा आईकडं बघत, एकदा माझ्याकडं. भला माणूस, पण अशा वेळी भल्या माणसाचा काही उपयोग नसतो. मी ओरडले, "तुम्ही बैल जुंपता की मी जुंपू?"

आत्याबाई पुढं आल्या. त्या संगीजवळ बसल्या, तिच्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ तो हात वरखाली होताना त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माही शांती बी असंच पोट उडवत होती. आम्ही पाठवणीची वाट पाह्यली."

शांती म्हणजे त्यांची पहिली मुलगी. लहानपणी गेली एवढंच मला माहीत होतं. कशानं गेली ते मी कधी विचारलं नव्हतं.

त्या उठल्या. दारावरची निंबाची डहाळी काढली, पदरात गुंडाळली, आणि जोरानं म्हणाल्या, "चाल व माय. तू बी दवाखान्यात चाल. तिथंच तुही पाठवणी करू." मग मुलाकडं वळून, "काय पाहून राह्यला बे? जुंप ना गाडी!"

आजही कोणी माझ्यासमोर आत्याबाईंना अडाणी म्हणालं तर मी त्याची गय करत नाही.

घाट

बैलगाडीनं मोताळा गाठलं, तिथून बुलडाण्याची एस.टी. राजूर घाटात गाडी अशी रेंगाळायची की उतरून ढकलावी वाटे. आत्याबाई मांडीवर डहाळी धरून बसलेल्या. कंडक्टरनं विचारलं, "लेकराले काय झालं, आजी?"

"माता हाय."

झालं! पुढच्या बाकावरच्या दोन लेकुरवाळ्या बाया उठून पार मागं गेल्या. मला इतका राग आला की बोलायची सोय नाही. आता कळतं, त्यांनी बरोबर केलं. पार्वताबाईच्या घरी मी तेवढंच केलं असतं तर हा घाट चढावा लागला नसता. एक म्हातारे गृहस्थ मात्र उठले, आम्हाला खिडकीजवळची जागा दिली आणि घाट संपेस्तोवर दांडा धरून उभे राहिले. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

दवाखाना

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. संगीची छाती ऐकली आणि एक शब्द न बोलता तिला माझ्या हातातून घेतलं. छाती भरली होती. नाकाला नळी लावली, हाताला सुई. हात एवढासा की शीर सापडेना. तिसऱ्यांदा टोचलं तेव्हा आत्याबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

काम आटोपल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोवराची लस का नाही दिली? वय तर झालं होतं."

हे माझ्या बाजूला उभे होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "नर्सबाईंनी शिशीच फोडली नाही."

शब्दाला शब्द खरा होता. शुक्रवारचं मी बोलले नाही. यांच्या कानशिलाची शीर ताठ झालेली दिसली, तरी मी बोलले नाही.

पुढचे दिवस सारखेच. सकाळी फरशी पुसणाऱ्या मावशी यायच्या, मग इंजेक्शन, मग डॉक्टरांची फेरी, मग पुन्हा इंजेक्शन. मला पान्हा फुटायचा आणि लेकरू पीत नव्हतं. वाटीत काढून थेंब थेंब चमच्यानं पाजायचे. संगी मेली तर काय, हा विचार मी करत नव्हते असं नाही. सारखा करत होते. कपडे पिळताना, चहा पिताना. आणि त्याच्या मागोमाग शुक्रवार यायचा, ते सात ब्लाउज यायचे. एकेका ब्लाउजाचा रंग मला आठवत होता.

त्या मावशींनी मला फार सांभाळलं. अंग शेकायला गरम पाणी आणून द्यायच्या आणि दटावायच्या, "रडाचं असन तं बाहीर जाऊन रड. लेकरापुढं हासत जाय." मी म्हणायचे, हसू कुठून आणू? तर म्हणायच्या, "खोटं हास. लेकराले खरं-खोटं समजत नाही." पंधरा वेळा खोटं हसलं की एखादं खरं येतं, हे मला तिथं कळलं.

आत्याबाईंनी डहाळी संगीच्या उशाशी ठेवली होती. त्यांचे नेम तिथंही चालू. फोडणीचं खायचं नाही, केस विंचरायचे नाहीत. डॉक्टरीणबाईंनी डहाळी बघितली. मी म्हटलं, आता ओरडतात. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आजी, निंब राहू द्या. सुईला मात्र नाही म्हणायचं नाही."

"सुईले कोण नाई म्हनते?" आत्याबाई म्हणाल्या. "दोघी मिळून करा म्हना."

चौथ्या दिवशी दुपारी मी पलंगाला टेकून बसले होते. संगीचा हात हलला. तिनं उशाशी चाचपलं, निंबाचं एक पान ओढलं आणि तोंडात घातलं. मी काढेस्तोवर चावलं. मग तिचं तोंड असं वाकडं झालं आणि ती रडली. चार दिवस नुसती कण्हत होती ती पोर खणखणीत, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी रडली.

"चव कळली!" आत्याबाई उठून ओरडल्या. "कमल, लेकराले चव कळली व!" आणि त्या रडायला लागल्या. मी संगीला पदराखाली घेतलं. तिनं तोंड लावलं, दम घेतला, पुन्हा लावलं. ती प्याली. कडू तोंड गोड करायला का होईना, प्याली.

जिचं लेकरू आज असं पडलं असेल, तिला माझं एवढंच सांगणं. पोट उडायला लागलं की पाठवणीची, वाराची, कोणाच्या परवानगीची वाट पाहू नको. बाकीचं रुसणं-फुगणं नंतर निस्तरता येतं.

मी काय केलं

संगीला उतार पडल्यावर हे बैलांकडं बघायला गावी जाऊन आले. परतले ते छाती फुगवून. मधे बुधवार होता. गावात माता असूनही या वेळी भीतीनं ओटा भरला होता. आत्याबाई मातेला घेऊन दवाखान्यात गेल्या हे ऐकून बायांनीही सुईचं पथ्य सोडलं. एकीमागून एक शिशी फुटली. तिथं सगळ्यांदेखत यांनी नर्सबाईंना नाही नाही ते सुनावलं.

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"काय म्हणते? खाली मान घालून उभी राह्यली. 'लेकरू कसं आहे?' इतकंच पुसलं."

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मी संगीचं दुपटं घडी घालत बसले.

नऊ दिवसांनी घरी आलो. पार्वताबाई धावत आली, हातात लिंबू, संगीवरून उतरून टाकायला. तिची रत्नीही गोवरातून उठली होती, हाडकुळी झाली होती. आणि मी भर दारात म्हणाले, "तुझ्या दहीभातानं माझं लेकरू मरत होतं."

तोवर डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं की ताटाचा काही दोष नाही, गोवर हवेतून पसरतो, त्या खोलीत एकत्र बसलो तेवढंच पुरे. म्हणजे माहीत असून बोलले. पार्वताबाई लिंबू घेऊन तशीच मागं फिरली. समोरासमोरची दारं, पण तीन वर्षं आमचा अबोला.

कोतवालाचा मुलगा मात्र त्या साऱ्या दिवसांत गल्लीत हुंदडत होता. त्याला काही झालं नाही.

त्यानंतर मी टोचणीच्या मागं अशी लागले की विचारू नका. बुधवार आला की घरोघर जायचं, लेकरं गोळा करायची. नर्सबाईंपेक्षा माझाच धाक जास्त. लोक म्हणायचे, लेकरू वाचलं म्हणून करते. नर्सबाईंना खरं माहीत होतं. त्या माझ्याशी नीट बोलायच्या, चहा घ्यायच्या, आणि शुक्रवारचा शब्द कधी काढायच्या नाहीत. त्यांनी एकदा तरी टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

दोन-अडीच वर्षं गावात गोवराचं नाव नाही. आणि मग तेच. वेचणी आली, भीती गेली, "आता कुठं राह्यला गोवर?"

पुन्हा बुधवार

मागच्या महिन्यात पल्याडच्या गावात गोवर निघाला. त्याच, दोन कोसावरच्या.

माझ्या मांडीवर आता बाळू आहे, सहा महिन्यांचा. बुधवारी सकाळी सर्वांच्या आधी मी त्याला घेऊन ओट्यावर हजर. नर्सबाई म्हणाल्या, "कमल, याला नाही देता येत. नऊ महिने पुरे व्हायला पाहिजेत."

"आणि तोवर?"

"तोवर बाकीच्यांना टोचलेलं असलं म्हणजे झालं. गोवर त्याच्यापर्यंत येणार कोणाकडून?"

ते मला पटकन समजलं. वावराला काट्यांचं, बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालतो तसं. एकीनं आपल्या बांधावरच्या काट्या नाही लावल्या तर ढोरं साऱ्यांच्याच पिकात शिरतात. बाळूच्या बांधाला लावायला माझ्याकडं काहीच नव्हतं. दुसऱ्यांच्या काट्यांवर त्याचा जीव.

मी गल्ली पालथी घातली. चार लेकरं झाली. पाचवं मिळेना. बाकीच्या बाया वावरात. एकच घर उरलं होतं. पार्वताबाईकडं दहा महिन्यांचा नवा नातू होता, अंगणात रांगत होता, आणि पार्वताबाई सुपात तूर पाखडत बसली होती.

मी बाळूला कडेवर घेऊन गल्ली ओलांडली. आठ पावलांची गल्ली. तिनं वर पाहिलं, सूप थांबलं.

"पार्वताबाई, नातवाला टोचायला आण," मी म्हणाले.

ती पुन्हा पाखडायला लागली. मग म्हणाली, "माह्या घरचं काही तुमच्या लेकरायले चालत नाही ना? मंग माहा नातू कायले पाहिजे?"

बरोबरच होतं तिचं. मी खालीच बसले, तिच्या अंगणात, तुरीच्या फोलपटात.

"ताटाचा दोष नव्हता," मी म्हणाले. "मला तेव्हाच माहीत होतं. नर्सबाईंनी मला शुक्रवारी बोलावलं होतं. कोतवालीण गेली, मी ब्लाउज शिवत बसले. संगीला मी टोचलं नाही. आणि बोल सगळ्यांना लावले."

मला वाटलं आता पार्वताबाई शिव्या घालते. घालायला पाहिजे होत्या. तिनं पदरानं डोळे पुसले.

"तीन वर्षं म्या समजत होती, म्याच तुह्या लेकराले मारलं असतं," ती म्हणाली. "ते ताट म्या फळीवर पालथं घातलं, पुन्हा काढलंच नाही. नातवाचं उष्टावण झालं तं दुसऱ्या ताटात केलं. हे आज सांगून राह्यली तू?"

"हो."

"मोठी वाईट बाई हायेस व तू, कमल."

"आहे," मी म्हणाले.

तिनं नाक शिंकरलं, सूप बाजूला सारलं आणि नातवाला उचललं. "चाल. शिशी फुटाची थांबली असन."

ओट्यावर मी नर्सबाईंनाही सगळ्यांदेखत सांगितलं, जसं यांनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं तसंच. "तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं.

"तुझं लेकरू नळीवर होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुला खोटं पाडून मी काय मिळवलं असतं?" आणि त्यांनी पाण्याची काचेची कुपी घेतली, मान मोडली. टक्, इतकाच आवाज होतो. तीन वर्षांपूर्वी तो आवाज ऐकायला मी ऊन डोक्यावर येईपर्यंत बसले होते.

पाची लेकरं रडली. सर्वांत जास्त पार्वताबाईचा नातू. त्याच्या ओरडण्यानं बाळू जागा झाला, इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या खांद्यावर पुन्हा झोपला.

"याले काऊन नाई टोचलं?" पार्वताबाईनं विचारलं.

"त्याला तीन महिने अवकाश आहे."

"मंग तवर?"

"तवर हे पाच," मी म्हणाले.

तिनं पाची रडक्या तोंडांकडं पाहिलं, मग बाळूकडं. "बरं झालं मंग आणलं," म्हणाली, आणि रडणाऱ्या नातवाला थोपटत राहिली.

यांना मी त्याच दुपारी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सायकल काढून गेले आणि नर्सबाईंची माफी मागून आले. माझ्याशी दोन दिवस धड बोलले नाहीत, तेही रास्तच.

पण त्या बुधवारी संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, रत्नी आमच्या दारात आली. दोन्ही हातांवर झाकलेलं ताट. "आजीनं देल्लं," म्हणाली आणि पळाली. मी फडकं काढलं. तेच पितळी ताट, चिंचेनं घासून लखलखीत केलेलं, आणि त्यात दहीभात. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि संगीला हाक मारली.

संगीला काय माहीत. ती मांडी घालून बसली आणि ताट चाटूनपुसून साफ केलं. "कोणी केला व आई? भारी हाय," म्हणाली.

आमच्याकडं शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी ताट धुतलं, त्यात गुळाचा खडा ठेवला आणि गल्ली ओलांडून स्वतः नेऊन दिलं.